लांब गाडी घ्यायची की बेताची? खान्देशातल्या मोठ्या घरांसाठी निवडीची रीत

आखाजीला लेकी माहेरी येतात, श्रावणात कानबाईला भाऊबंद जमतात, आणि त्याच सुमारास घरात विषय निघतो: आता गाडी मोठी घेऊ. मोठी म्हणजे केवढी, यावर मात्र एकमत होत नाही. शोरूममध्ये एकाच घराण्यातल्या दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या असतात, एक बेताची आणि एक लांब केलेली. बोलेरो निओ आणि निओ प्लस, क्रेटा आणि अल्काझार, हॅरियर आणि सफारी. पोरगा म्हणतो लांबच घेऊ, बाप म्हणतो गल्लीत वळायची नाही, आणि आजी विचारते, "मांगे कोन बठी?" आजीच्या प्रश्नाकडे आपण पुढे येऊच. त्याआधी सेल्समन सहसा सांगत नाही अशी एक गोष्ट बघून घ्या.

पायरी पहिली: लांबी कुठे वाढलीय ते शोधा

गाडी किती लांब आहे हे माहितीपत्रकात ठळक छापलेलं असतं. त्याच्याच खाली 'व्हीलबेस' नावाचा आकडा असतो, म्हणजे पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर. दोन्ही गाड्यांचे हे दोन्ही आकडे कागदावर लिहा आणि वजाबाकी करा. निम्मा निर्णय तिथेच लागतो.

बोलेरो निओची लांबी ३९९५ मिलिमीटर, निओ प्लसची ४४००. फरक ४०५ मिलिमीटरचा, म्हणजे सोळा इंच. व्हीलबेस मात्र दोघींचा २६८० च. याचा अर्थ वाढलेले सगळे सोळा इंच मागच्या चाकाच्या पलीकडे, शेपटाला गेले. मधल्या सीटवर बसणाऱ्याच्या गुडघ्याला या वाढीतून काही मिळालेलं नाही. फायदा झाला तो सगळ्यात मागे बसणाऱ्यांना: निओत मागे दोन आडव्या, म्हणजे बाजूला तोंड असलेल्या, सीटा आहेत, प्लसमध्ये चार जणांची सोय आहे, म्हणून ती नऊ सीटांची.

क्रेटा आणि अल्काझारचं गणित वेगळं आहे. लांबी ४३३० वरून ४५६० झाली, म्हणजे नऊ इंच वाढली. व्हीलबेस २६१० वरून २७६० झाला, म्हणजे त्यातले सहा इंच दोन चाकांच्या मध्ये आले. त्यामुळे मधल्या रांगेत पाय मोकळे होतात, आणि तिसरी रांग मागच्या चाकाच्या फार पलीकडे जात नाही.

हॅरियर आणि सफारीत तर व्हीलबेस तोच, २७४१. लांबी ४६०५ आणि ४६६८, फरक जेमतेम अडीच इंचाचा. तिथे लांबीवर वाद घालण्यात अर्थच नाही. दोन जास्तीच्या सीटा हव्यात की नकोत, एवढंच ठरवायचं.

अमेरिकेत हाच प्रकार आणखी मोठ्या मापात चालतो. फोर्ड एक्स्पिडिशनची 'मॅक्स' आवृत्ती मूळ गाडीपेक्षा सुमारे एक फूट लांब असते, आणि त्या फुटातला बहुतेक भाग चाकांच्या मध्ये असतो. शेवरलेच्या टाहो आणि सबर्बनचंही तसंच. साडेसतरा ते पावणेएकोणीस फुटी गाड्या त्या. आपल्या गावच्या गल्लीत त्यातली धाकटीही शिरायची नाही, पण हिशोब तोच: चाकांच्या मधली लांबी बसण्याचं सुख देते, चाकांमागची लांबी जागा देते आणि त्याची किंमत रस्त्यावर वसूल करते.

ती किंमत कशी? मागच्या चाकाच्या पलीकडे बसलेल्याला प्रत्येक गतिरोधक दुप्पट लागतो. शेतरस्त्याला नाला ओलांडून वर चढताना आधी शेपूट घासतं. आणि अरुंद बोळात गाडी डावीकडे वळवली की शेपूट उजवीकडे बाहेर फिरतं. तिथे कोणाचा ओटा असला तर पत्रा गेलाच. उलट, व्हीलबेस लांब असलेली गाडी वळायला जागा जास्त मागते आणि उंच गतिरोधकावर तिचं पोट टेकू शकतं. आपल्याकडे ग्रामपंचायतीच्या हौसेने घातलेले गतिरोधक कसे असतात, ते वेगळं सांगायला नको.

पायरी दुसरी: शोरूमच्या आधी घर मोजा

टेप घ्या, चार विटा घ्या. अंगणात किंवा घरासमोर गाडी जिथे उभी राहणार तिथे लांब गाडीच्या मापाने चार कोपऱ्यांना विटा ठेवा. रुंदी मोजताना आरसे धरा, कारण कागदावरची रुंदी बहुधा आरसे सोडून असते. मग त्या विटा दोन दिवस तशाच राहू द्या. मोटारसायकल निघते का, दूधवाला येतो का, पाण्याचा टँकर वळतो का, ते आपोआप कळेल.

मागच्या दाराची जागा लोक हमखास विसरतात. बोलेरो निओ आणि प्लसचं मागचं दार दारासारखंच बाजूला उघडतं आणि त्यावर स्टेपनी लटकलेली असते. भिंतीला चिकटवून गाडी लावली तर ते उघडणारच नाही, आणि मागे बसणाऱ्यांना चढायला-उतरायला रस्ता तोच. म्हणजे गाडीच्या मागे तीन-साडेतीन फूट मोकळे लागतात. अल्काझार, सफारीचं दार वर उचललं जातं. तिथे वर पत्र्याची पडवी किती उंच आहे ते बघा.

धुळे-जळगावच्या नव्या कॉलनीत ही अडचण फारशी येत नाही. जुन्या अमळनेरात, पारोळ्यात, चोपड्याच्या जुन्या पेठेत किंवा गढीजवळच्या वाड्यात राहणाऱ्याने मात्र टेस्ट ड्राइव्हची गाडी थेट घरापर्यंत मागवावी. हायवेवर चकरा मारून गल्लीचा अंदाज येत नाही. देत नाही म्हणाले तर दुसरा डीलर बघा.

पायरी तिसरी: रोजची माणसं आणि सणाची माणसं वेगळी मोजा

एका कागदावर दोन रकाने करा. पहिल्यात महिन्यातून चार-पाचदा तरी सोबत निघणारी माणसं. दुसऱ्यात वर्षातून दोन-तीनदा निघणारी: चैत्रात सप्तशृंगी गडावर, कानबाईच्या रोटाला मूळ गावी, सुरतला उधन्याच्या मामांकडे लग्नाला.

गाडी पहिल्या रकान्यासाठी घ्यायची. दुसऱ्यासाठी भाड्याची क्रूझर असते. कानबाईला जमणारी सगळी भाऊबंदकी नऊ सीटांतही मावत नाही, मग त्या एका रविवारासाठी वर्षभर लांब शेपूट कशाला वागवायचं? आकडेमोड सोपी आहे. समजा दोन गाड्यांत अडीच लाखांचा फरक पडतो आणि तुमच्या गावी मोठी गाडी दिवसाला पाच हजारांनी मिळते. म्हणजे पन्नास दिवसांचं भाडं झालं. वर्षाला चार दिवस लागत असतील तर बारा वर्षं निघाली.

पण पहिल्याच रकान्यात सात नावं येत असतील, म्हणजे आजी-आजोबा, दोघं नवरा-बायको, तीन पोरं एकाच घरात, तर प्रश्न मिटला. लांब गाडीच घ्या आणि पुढच्या पायऱ्या फक्त कोणती लांब घ्यायची यासाठी वाचा.

पायरी चौथी: मागची रांग खरी आहे का ते तपासा

आता आजीचा प्रश्न. शोरूमला जाताना घरातलं सगळ्यात वयस्कर आणि सगळ्यात उंच माणूस सोबत न्या. सेल्समन स्वतः टुणकन मागे जाऊन बसेल आणि म्हणेल, बघा सर, किती जागा आहे. त्याचं वय पंचवीस असतं.

नऊवारी नेसलेल्या, गुडघे धरलेल्या आजींना मागे जायला सांगा आणि शांतपणे बघा. मधली सीट पुढे दुमडली की जी फट उरते त्यातून एक पाय आत, मग वाकून दुसरा, मध्ये धरायला काय आहे? सीटची पाठ धरली तर ती हलते. वर हँडल आहे का? पायरी किती उंच? दोन मिनिटांत कळतं की आजी या सीटवर कधीही बसणार नाहीत. त्या मधल्या रांगेतच बसणार आणि मागे नातवंडं जाणार. मग मागची जागा पोरांच्या मापानेच तपासा.

उंच माणूस बसला की दोन गोष्टी बघा. डोकं छताला लागतं का, आणि मांड्या सीटवर टेकतात का. बहुतेक तिसऱ्या रांगांत जमीन उंच आणि सीट बुटकी असते, त्यामुळे गुडघे छातीशी येतात. दहा मिनिटं असं बसता येतं. कोंडाईबारीचा घाट उतरून नवापूर, सोनगड, बारडोली करत सुरतेपर्यंत नाही.

आडव्या सीटांबद्दल माझं मत कडक आहे. निओ आणि प्लसमध्ये मागे बसणारे एकमेकांकडे तोंड करून बसतात. गावातल्या गावात, शेतावर मजूर नेताना ठीक. पण समोरून धडक बसली तर आडवं बसलेल्याचं शरीर बाजूला फेकलं जातं, आणि त्याला धरायला समोरच्या सीटसारखं काही नसतं. गाड्यांची धडक-चाचणी घेणाऱ्या ग्लोबल एनकॅपने एप्रिल २०२४ मध्ये निओला पाचपैकी एकच तारा दिला होता. हॅरियर आणि सफारीला २०२३ मध्ये पाच मिळाले. मोटार वाहन कायद्याच्या १९४ ब कलमाप्रमाणे चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बालआसन नसेल तर एक हजार रुपये दंड आहे, पण दंडाचं सोडा. हायवेला लागणार असाल तर पोरांना आडव्या सीटवर बसवू नका.

आणि एसी. टेस्ट ड्राइव्ह सकाळी दहाला घेऊ नका. भुसावळ-जळगावचा मे महिना म्हणजे पारा ४५ च्या घरात, आणि लांब गाडीचं शेवटचं टोक सगळ्यात उशिरा थंड होतं. दुपारी दोनला, उन्हात तासभर उभी राहिलेली गाडी मागा, सगळ्यांनी बसा, आणि तिसऱ्या रांगेतल्या माणसाला विचारा किती मिनिटांनी बरं वाटलं. मागे नुसती जाळी आहे की स्वतःचा पंखा आणि त्याचं बटण आहे, ते हाताने चालू करून बघा. मागची काच उघडते का तेही बघा. बऱ्याच गाड्यांत ती बंदच असते.

पायरी पाचवी: सामान आणि वजन

इथे लांब गाडी भल्याभल्यांना चकवते. क्रेटाची डिकी ४३३ लिटरची. अल्काझारमध्ये सगळ्या सीटा उभ्या असताना मागे उरते १८० लिटर. गाडी नऊ इंच लांब, आणि भरल्या गाडीत सामानाला निम्म्याहून कमी जागा! सात माणसं सात बॅगा आणणार, त्या कुठे ठेवायच्या? तिसरी रांग दुमडली तर अल्काझार ५७९ लिटर देते, पण मग ती चार-पाच जणांचीच राहिली.

म्हणून आपलं सामान घेऊन जा. उन्हाळ्यात पुण्याच्या लेकीकडे काय जातं? बिबड्यांचा एक डबा, कुरडयांचा एक, पापड, लोणच्याची बरणी, दादर ज्वारीचं अर्धं पोतं, आणि हिवाळा असेल तर भरिताच्या वांग्यांची पिशवी. शोरूममध्ये रिकामे डबे नेले तर लोक हसतील. हसू द्या. तीस लिटरचा डबा उभा मावतो की आडवा, हे माहितीपत्रकात नसतं.

वजनाचा हिशोब मात्र नीट करा. गाडीचं एकूण परवानगीचं वजन आणि रिकामं वजन यांतला फरक म्हणजे तुम्ही चढवू शकता तो भार. सात माणसं सरासरी पासष्ट किलोची धरली तर साडेचारशेच्या वर जातात. बॅगा साठ किलो धरा. वर एक क्विंटल ज्वारी टाकली की सहाशेच्या वर. तेवढी क्षमता आहे का, ते विकत घेण्याआधी लेखी मागा. टपावर कॅरियर लावायचा असेल तर टपाची मर्यादा गाडीच्या पुस्तकात वेगळी दिलेली असते आणि ती फार नसते. घाटात टपावरचं वजन गाडीला वळणाबाहेर ओढतं.

भरल्या गाडीला हवा जास्त लागते. किती, ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतं. उन्हाळ्यात हवा कमी ठेवायची आपल्याकडची सवय उलटी आहे. कमी हवेचं टायर जास्त दबतं, जास्त तापतं आणि मग फुटतं. हवा सकाळी, टायर गार असताना तपासावी. शेपूट भरलं की गाडीचं नाक वर होतं आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगच्या बाजूला तो खाली करायचं छोटं चाक असतं, ते वापरा.

पायरी सहावी: आपल्या रस्त्यावर चालवा

तोरणमाळला वर्षातून एकदा तरी जाणारं घर असेल तर व्हीलबेसकडे बघाच. तिथल्या वळणांवर लांब व्हीलबेसची गाडी रस्त्याचा बाहेरचा काठ मागते. कन्नडच्या घाटातली वळणं त्या मानाने सोपी, पण गर्दीत अडकलं की चढावर अर्ध्या क्लचवर उभं राहावं लागतं, तेव्हा भरलेली गाडी मागे सरकते का ते कळतं. घाटापर्यंत टेस्ट ड्राइव्ह कोणी देत नाही. धुळेकरांना लळिंगचा चढ जवळ आहे, तो तरी घ्या, आणि गाडी माणसांनी भरून घ्या. एकट्याने चालवलेली सात सीटांची गाडी काहीच सांगत नाही.

पावसाळ्यात शेतावर जाणाऱ्यांसाठी एक बारकावा. क्रेटा-अल्काझारला जोर पुढच्या चाकांना असतो. मागे माणसं आणि सामान भरलं की पुढची चाकं हलकी होतात आणि काळ्या मातीच्या गाळात, चढावर, जागीच फिरतात. बोलेरो निओ आणि प्लसला जोर मागच्या चाकांना, तिथे भार उलट उपयोगी पडतो. रावेर-यावलच्या केळीच्या बागांतून अजून बोलेरोच जास्त दिसते, त्याचं हेही एक कारण असावं.

पायरी सातवी: कराची रेषा

सप्टेंबर २०२५ च्या २२ तारखेपासून जीएसटीचे नवे दर लागू झाले. लांबी चार मीटरच्या आत आणि डिझेल इंजिन १५०० सीसीपर्यंत (पेट्रोल असेल तर १२००) तर १८ टक्के. त्यापलीकडे ४० टक्के. निओची लांबी ३९९५ आणि इंजिन १४९३ सीसी. दोन्ही आकडे रेषेच्या आत मुद्दाम बसवलेले. प्लस ४४०० ची आणि २१८४ सीसीची, दोन्हीकडून बाहेर.

मूळ किंमत दहा लाख धरून बघा. १८ टक्क्यांनी ११ लाख ८० हजार, ४० टक्क्यांनी १४ लाख. त्यावर महाराष्ट्राचा एकरकमी वाहन कर: डिझेलला दहा लाखांपर्यंत १३, दहा ते वीस लाखांना १४, वीस लाखांच्या वर १५ टक्के; पेट्रोलला अनुक्रमे ११, १२, १३. म्हणजे १४ टक्क्यांनी पहिलीला १ लाख ६५ हजार, दुसरीला १ लाख ९६ हजार. मूळ किंमत तीच असूनही फरक अडीच लाखांचा झाला. प्रत्यक्षात प्लसची मूळ किंमतही जास्त असणार. गाडी कंपनीच्या नावावर घ्यायचा विचार असेल तर तिथे वाहन कर सरळ २० टक्के आहे, सीएला आधी विचारा.

विम्याचंही तसंच. जून २०२२ मध्ये ठरलेल्या दरांप्रमाणे खासगी गाडीचा थर्ड पार्टी हप्ता १००० ते १५०० सीसीला ३,४१६ रुपये आणि १५०० च्या वर ७,८९७. निओ खाली, प्लस वर.

क्रेटा-अल्काझारला हा फटका नाही. दोघीही चार मीटरच्या बाहेर, दोघीही ४० टक्क्यांत, आणि इंजिनं दोघींची १५०० सीसीच्या आत. तिथे लांबीचे पैसे म्हणजे खरोखर पत्र्याचे, सीटांचे आणि इंजिनाच्या निवडीचे. हॅरियर-सफारीचं डिझेल इंजिन १९५६ सीसीचंच, त्यामुळे कराने तिथेही निवड बदलत नाही. लांबीला करात शिक्षा होते ती बोलेरोच्या जोडीतच.

मग कोणी काय घ्यावं

रोज पाच माणसं आणि महिन्याला एखादा पाहुणा असेल तर बेताची गाडी. क्रेटा किंवा हॅरियरमध्ये पाच जण सामानासकट सुखाने जातात. पाच माणसं पण म्हातारे आई-वडील मधल्या रांगेत आणि लांबचे प्रवास फार असतील, तर मी अल्काझारकडे सहा इंचांसाठी बघेन. तिसरी रांग दुमडून ठेवीन. रोज सात असतील तर सफारी, खिसा परवानगी देत असेल तर. शेती मोठी, रस्ता कच्चा, माणसं नऊ पण अंतरं तीस-चाळीस किलोमीटरची, अशा घराला प्लस कामाची आहे. निओतल्या मागच्या दोन सीटांना मी सीटा म्हणून मोजतच नाही, ती पिशव्यांची जागा.

लग्नसराईत गाडी भाड्याने फिरवून हप्ता काढू, हा बेत असेल तर पांढऱ्या पाटीवर ते चालत नाही. परवाना आणि पिवळी पाटी लागते, विमाही वेगळा. खासगी विम्यावर भाडं मारताना अपघात झाला की विमा कंपनी हात वर करते.

बुकिंग करताना पावतीवर मॉडेल, व्हेरिएंट, सीटांची संख्या आणि उत्पादनाचा महिना लिहून घ्या. अल्काझारमध्ये सहा आणि सात सीटांच्या आवृत्त्या वेगळ्या आहेत. मधली रांग दोन सुट्या खुर्च्यांची हवी की सलग बाक, ते आधी ठरवा. आजींसाठी सुट्या खुर्च्या बऱ्या, कारण मधून वाट राहते. तीन नातवंडं शेजारी बसवायची असतील तर बाक. गाडी ताब्यात घेताना आरसीच्या अर्जावर सीटांचा आकडा बरोबर पडलाय का बघा. एमएच १८ असो, १९ असो की ३९, नंतर तो दुरुस्त करायला आरटीओच्या चकरा माराव्या लागतात.